सुगीत या, मॅडम: लातूरचा आडत बाजार आणि एक एमबीए महाविद्यालय

(हे प्रकरण वर्गातील चर्चेसाठी रचले आहे. महाविद्यालय, डाळमिल, पेढी आणि माणसे कल्पित आहेत. बाजार, पिके, कायदे आणि त्यांच्या तारखा खऱ्या आहेत.)

बाहेरच्या माणसाला लातूर म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवते आणि ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. बाजार फारसा कुणाला आठवत नाही. पण हे शहर वाढले ते बाजारामुळेच. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली, निजाम राज्याच्या या कोपऱ्यातला माल बाहेर जाऊ लागला, आणि सोळा रस्ते जिथे मिळतात ती गंजगोलाई व्यापाराचे केंद्र झाली. आज सोयाबीन आणि तुरीचे लातूरचे भाव सकाळपासून राज्यभरातल्या मोबाइलवर फिरतात. तुरीची डाळ करणाऱ्या मिल इथे आहेत आणि ‘फटका’, ‘सव्वा नंबर’ ही डाळीच्या दर्जांची नावे इथल्या पोरांना शाळेच्या आधीच कळतात.

शहराला शिक्षण आणि आडत (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणे) असे दोन धंदे, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. लातूर पॅटर्नने हजारो डॉक्टर-इंजिनिअर घडवले, पण त्याचे यश मोजले जाते ते मूल किती लांब गेले यावर. आडत्याचा मुलगा पुण्यात एमबीए करतो आणि तिथेच राहतो. इथल्या एमबीएला येतो तो औसा, निलंगा, रेणापूर, चाकूरच्या शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी. त्यांच्या बापाने याच बाजारात माल विकलेला असतो, पण पेढीच्या गादीच्या पलीकडे काय चालते ते त्यांनीही पाहिलेले नसते.

या प्रकरणातले महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. विभागप्रमुख मॅडम मूळच्या उदगीरच्या, काही वर्षे छत्रपती संभाजीनगरात शिकवून आलेल्या. तिथला अनुभव त्यांना इथे फसवा ठरला, असे माझे मत आहे. १९८५ च्या सुमारास वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांची रांग लागली. त्या कंपन्यांत एचआर नावाचा एक माणूस असतो. कॉलेजच्या पत्राला उत्तर देणे हे त्याच्या कामात बसते. आडतीच्या दुकानात असा माणूस नसतो. तिथे शेठ असतात, मुनीम असतात, मापाडी आणि हमाल असतात, आणि पत्र आले तर ते लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात जाते.

करार झाला, पुढे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये महाविद्यालयाने काही आडते आणि डाळमिल मालकांच्या गटाबरोबर सामंजस्य करार केला. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, बॅनर, फोटो, उपमा आणि चहा. करारात इंटर्नशिप, अतिथी व्याख्याने, संयुक्त संशोधन, रोजगार असे सगळे काही होते. कोण, कधी, कोणत्या दुकानात, काय करणार, एवढे सोडून.

यात महाविद्यालयाला दोष देणे सोपे आहे. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात कार्यरत सामंजस्य करारांची संख्या विचारली जाते. मग करार गोळा होतात. ‘कार्यरत’ हा शब्द कागदावर राहतो आणि संख्या फाइलमध्ये जाते. व्यापाऱ्यांचेही काही बिघडत नाही. त्यांना वर्षाकाठी एक सत्कार मिळतो.

जूनमध्ये अकरा विद्यार्थी आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी बाजारात गेले. इथे पहिली अडचण आली ती कॅलेंडरची. विद्यापीठाचा उन्हाळा म्हणजे बाजाराचा रिकामा काळ. सोयाबीनची आवक दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे कट्ट्यांची थप्पी रस्त्यापर्यंत येते. तूर येते जानेवारी ते मार्चमध्ये. जूनमध्ये शेतकरी पेरणीच्या नादात असतो. ज्याने माल धरून ठेवलेला असतो तो बियाणे-खतासाठी थोडा थोडा काढतो, बस. त्या महिन्यात दुकानात बसलेल्या विद्यार्थ्याला दिसते काय, तर पंखा, वर्तमानपत्र आणि उधारीच्या फोनवरची बोलणी.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती, आणि ती दिल्लीहून आली. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली. घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचा २०० टन साठा ठेवता येणार होता. मिलला गेल्या तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांतले जे जास्त असेल ते. सप्टेंबरात ही मर्यादा आणखी आवळली: घाऊक व्यापाऱ्याला ५० टन, मिलला एक महिन्याचे उत्पादन किंवा १० टक्के. साठ्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरायची होतीच.

आता कल्पना करा. आदेशाला पुरता आठवडा झालेला नाही, बाजारात तपासणीच्या अफवा आहेत, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली दोन पोरे डाळमिलच्या फाटकातून आत येतात. हातात छापील प्रश्नावली. सातवा प्रश्न: ‘आपल्याकडे सरासरी किती साठा असतो?’ नववा: ‘साठवणुकीची जागा स्वतःची आहे की भाड्याची?’

मिलच्या मालकांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांनी प्रश्नावली वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि पोरांना चहा पाजून परत पाठवले. संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारभर झाली. दुसऱ्या दिवशी आठ दुकानांत ‘शेठ गावाला गेलेत’ हे उत्तर मिळाले. त्या इंटर्नशिपचे अहवाल वेळेवर जमा झाले. त्यांत काय लिहिले होते ते विचारू नये.

प्रश्नावली कुठल्याशा शोधप्रबंधातून उचललेली होती. प्रश्न तयार करताना बाजारातल्या एकाही माणसाला विचारलेले नव्हते. साठामर्यादा नसती तरी हे प्रश्न वाईटच होते, कारण त्यांच्या उत्तराने फायदा झाला असता तो फक्त विचारणाऱ्याचा.

अप्पांची अट

जुलैत मॅडम एकट्याच मिलवर गेल्या. करार, फाइल काही नेले नाही. अप्पा बाजेवर बसून चुनीच्या पोत्यांचा हिशेब बघत होते. संभाषण फार लांबले नाही.

“मॅडम, आता काय बगणार तुमची पोरं? रिकामी पोती? सुगीत या. अन् कागद आणू नका.”

“काम काय देणार?”

“काम हाय की. क्विंटलाला डाळ किती पडते ते मला हाताला कळतंय. पण रुपयात कळत नाही. ते काढून द्या.”

डाळमिलच्या धंद्याचा कणा हाच आहे. शंभर किलो तुरीतून व्यापारी मिलमध्ये साधारण सत्तर ते पंच्याहत्तर किलो डाळ मिळते. बाकी खंडा (तुटकी डाळ), चुनी (डाळीचा चुरा) आणि टरफल. चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्याला जातात, पण डाळीच्या तुलनेत अगदी कवडीमोल भावाने. म्हणजे डाळीचा उतारा, म्हणजे क्विंटलमागे पडणारी डाळ, दोन किलोने हलला तर काय होते? समजा डाळ शंभर रुपये किलो आणि चुनी वीस रुपये. दोन किलो डाळीऐवजी दोन किलो चुनी निघाली तर क्विंटलमागे एकशे साठ रुपये गेले. दिवसाला शंभर क्विंटल तूर भरडणाऱ्या मिलचे रोजचे सोळा हजार. सौद्यात क्विंटलमागे वीस-पंचवीस रुपयांसाठी घसा कोरडा करणारा माणूस आवारात एकशे साठ रुपये सांडतो आणि त्याला ते दिसत नाही, कारण सगळे ढीग एकत्र भरडले जातात.

वर्गात हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत सुटते. मिलमध्ये त्याला सहा आठवडे लागले, आणि या प्रकरणातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग तोच आहे.

जानेवारी २०२४. तुरीचे भाव त्या हंगामाच्या ७,००० रुपये हमीभावाच्या बरेच वर होते, त्यामुळे एकेक किलोला महत्त्व होते. मॅडमनी तीन विद्यार्थी निवडले, तेही गुणपत्रिका बघून नव्हे. ज्यांच्या घरी तूर आहे असे. विद्यापीठाचे वेळापत्रक बदलणे संलग्न महाविद्यालयाच्या हातात नव्हते, पण तासांची वेळ होती. सुगीपुरते तास सकाळी साडेसात ते साडेदहा केले. हजेरीही भागली आणि बाजारही. व्यवस्थापनातल्या काहींना ही वेळ पसंत नव्हती. ‘हे काय रात्रशाळेसारखं’ असे कुणीतरी म्हणाले.

तूर थेट जात्यात जात नाही. आधी चाळणी, मग रोलवर खरडून सालाला ओरखडे पाडायचे, मग तेलाचा हात देऊन ढीग लावून ठेवायचा, मग आवारात उन्हात वाळवण, पुन्हा रोल, पाणी देणे, गोटा (साल निघालेला अख्खा दाणा) फोडणे. ज्या ढिगाचा उतारा काढायचा तो या सगळ्या वाटेवर वेगळा ठेवायला हवा. मिलची सवय नेमकी उलट: वाळवणात जागा वाचवायची तर ढीग शेजारी शेजारी पसरायचे, आणि दोन दिवसांत ते एकमेकांत मिसळतात. विद्यार्थ्यांनी सिमेंटच्या आवारात खडूने रेघा मारल्या. हमालांचा झाडू फिरला, रेघा गेल्या. दुसऱ्या दिवशी रंगाने मारल्या. तूर हलवणाऱ्या बाया त्यावरून पाय फिरवत गेल्या आणि ढीग रेघ ओलांडून पलीकडे. शेवटी मुकादम म्हणाला, “इटा लावा की.” विटांची एक ओळ. पायाला लागते, म्हणून कुणी ओलांडत नाही. ढीग वेगळे राहिले.

पहिल्या ढिगाचा हिशेब जुळला नाही. डाळ, खंडा, चुनी, टरफल सगळे वजन केले तर शंभराचे सत्त्याण्णव भरले. एका विद्यार्थ्याने वहीत ‘तफावत ३ किलो, चोरी?’ असे लिहिले आणि ती वही टेबलावर उघडी राहिली. मुकादमाने ती पाहिली. दोन दिवस मिलमध्ये विद्यार्थ्यांशी कुणी बोलले नाही. तीन किलो गेले होते उन्हात आणि धुळीत. आलेल्या तुरीत ओलावा होता, वाळवणात तो उडाला. मध्ये दिलेले पाणीही पुन्हा उडाले. पुढच्या ढिगापासून त्यांनी तूर आत येताना आणि वाळवणानंतर ओलावा मोजला, आणि मुकादमाकडे जाऊन जे सांगायचे ते सांगितले. तो म्हणाला, “मला इचारलं असतं तर पैल्याच दिवशी सांगितलं असतं.”

सहा आठवड्यांनी अप्पांच्या हातात एक पान आले. कोणत्या गावच्या, कोणत्या दाण्याच्या, किती ओलाव्याच्या तुरीला किती उतारा. त्यातून दिसले असे: क्विंटलमागे ऐंशी-शंभर रुपये स्वस्त मिळते म्हणून घेतलेली बारीक दाण्याची तूर मिलमध्ये महाग पडत होती. अप्पांना हे अंदाजाने ठाऊक होते. आकडा समोर आल्यावर त्यांनी खरेदी करणाऱ्या भाच्याला बोलावून पान दाखवले आणि त्या हंगामात ती तूर घेणे कमी केले.

याच काळात विपणनाच्या प्राध्यापकांना दुसराच प्रकल्प सुचला होता. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपण तिचा ब्रँड करू, लोगो करू, एक किलोची पाकिटे करू. कल्पना वाईट नाही. पण व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना ब्रँड फार लवकर सुचतो, कारण तो वर्गात बसून करता येतो. चुनी मोजायला आवारात उभे राहावे लागते.

पंचेचाळीस दिवस

मिलचे काम चांगले चालले असताना महाविद्यालयाने एक गोंधळ घातला. तो सांगितलाच पाहिजे, कारण अशा भागीदाऱ्या बहुधा याच जागी अडतात.

आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आले होते आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर ठरलेल्या मुदतीत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. नाही दिले तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा होणार नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी. मार्च २०२४ मध्ये देशातल्या प्रत्येक बाजारात याचीच चर्चा होती. महाविद्यालयाने संधी साधून आडत्यांसाठी एक सत्र ठेवले आणि वित्त विषयाच्या तरुण प्राध्यापकांनी सांगून टाकले की उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, तुमचीही उधारी पंचेचाळीस दिवसांत वसूल होईल.

मागच्या रांगेत बाजारातलेच एक कर सल्लागार बसले होते. ते उठून म्हणाले की आडत्या हा व्यापारी आहे, उत्पादक नाही. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती; उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्धचे संरक्षण त्यांना नाही. डाळमिलला आहे, कारण ती माल तयार करते. सभागृहात हशा पिकला नाही. आडते सभ्य लोक. पण कार्यक्रम संपल्यावर जेवायला फार कुणी थांबले नाही.

कॉलेजवाले बाजाराकडे जाताना असे समजून जातात की तिथे ज्ञानाची जागा रिकामी आहे. ती रिकामी नसते. कर सल्लागार, बँकेतला शेतीकर्जाचा अधिकारी, दलाल, जुना मुनीम हे सगळे आधीपासून तिथे बसलेले असतात. मॅडमनी पुढच्याच आठवड्यात त्या कर सल्लागारांना दर शनिवारी वर्गावर बोलावले, मानधन ठरवून. माझ्या मते त्या वर्षातला हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय.

अप्पांच्या बाबतीत कलम लागू होत होते, तरी ते वापरायला ते तयार नव्हते. त्यांची डाळ दलालामार्फत हैदराबादकडे जाते. सौदा फोनवर, तोंडी. म्हणजे कायद्याने मुदत पंधरा दिवस. पैसे येतात दीड-दोन महिन्यांनी. नोटीस पाठवली तर पैसे येतीलही, पण पुढचा ट्रक दुसऱ्या मिलचा जाईल. मिलमध्ये काम करणाऱ्या तिघांतल्या विद्यार्थिनीने मग एक साधा तक्ता केला: प्रत्येक गिऱ्हाइकाची किती उधारी किती दिवसांची, आणि त्या पैशावर बँकेचे कॅश क्रेडिटचे व्याज किती चढले. व्याज त्या गिऱ्हाइकाच्या सौद्यातून वजा केले तर नफ्याचा क्रम बदलत होता. सगळ्यांत जास्त भाव देणारा एक जण तिसऱ्या क्रमांकावर गेला. अप्पांनी कुणाला नोटीस दिली नाही. पुढचा ट्रक कुणाला आधी, एवढेच त्यांनी बदलले.

पेढीवर

ऑक्टोबर २०२४ पासून दोन विद्यार्थिनी एका आडत पेढीवर गेल्या. सोयाबीनचा भाव त्या सुगीत ४,८९२ रुपये हमीभावाच्या खाली होता. सरकारी खरेदी केंद्रावर न्यावे तर बारा टक्के ओलाव्याची अट, जी नोव्हेंबरात पंधरापर्यंत सैल झाली. शेतकरी वैतागलेला, निवडणूक तोंडावर, आणि पेढीवर दिवसाला शेकडो कट्टे.

आडत्याची पैशाची कोंडी बाहेरून दिसत नाही. शेतकऱ्याला पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे) लगेच हातात द्यावी लागते, खरेदीदाराकडून पैसे यायला वेळ लागतो, आणि मधले दिवस आडत्या आपल्या किंवा बँकेच्या पैशावर काढतो. शिवाय शेतकऱ्याला पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला उचल दिलेली असते ती वेगळीच. विद्यार्थिनींचे काम ठरले होते: या मधल्या दिवसांचा खर्च काढणे.

मुनीमजी संगणकावर हिशेबाची टॅलीही चालवतात आणि लाल वहीही ठेवतात. पहिल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारले की दोन्हीकडे लिहायची गरज काय, सगळे टॅलीत बसते.

मुनीमजी म्हणाले, “ताई, तुमच्या टॅलीत आकडा बसतो. शेठनी कुणाला ‘राहू द्या, पुढच्या सुगीला बघू’ म्हणलंय, ते कुठं बसवू?”

लाल वहीत त्या नोंदी होत्या. नावापुढे पेन्सिलीची खूण. कुणाची मुलगी दवाखान्यात होती, कुणाच्या बैलाला वीज पडली. ती वही विद्यार्थिनींना शेवटपर्यंत हातात मिळाली नाही आणि मिळू नये असेच मला वाटते. पण ती आहे हे कळणे महत्त्वाचे होते, नाहीतर त्यांचा अहवाल ‘वसुली शिथिल आहे’ असे लिहून मोकळा झाला असता.

एक गोष्ट कुठल्याच करारात नव्हती: पेढ्यांच्या त्या ओळीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते. पहिले चार दिवस दोघी दुपारी परत महाविद्यालयात येत. मग शेठजींच्या घरून निरोप आला की मागचे दार उघडे असते.

टेबलावरच्या तीन गोष्टी

२०२५ संपत आले तेव्हा मॅडमसमोर तीन मागण्या होत्या.

संस्थेच्या अध्यक्षांना वर्षअखेरपर्यंत वीस करार हवे होते. मॅडमकडे दोन पेढ्या आणि एक मिल होती, सही-शिक्क्याशिवाय.

उताऱ्याच्या कामावर शोधनिबंध करायचा, असे एका प्राध्यापकांचे म्हणणे होते. पदोन्नतीला गुण लागतात, हे खरे. अप्पा म्हणाले, आकडे बाहेर गेले तर माझ्या शेजारच्या मिलला कळेल मी कोणत्या गावची तूर का घेत नाही, आणि त्या गावात माझे तोंड दिसायचे नाही.

तिसरी मागणी सगळ्यांत अवघड. शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे पत्र आले होते. ती स्वतःची छोटी डाळमिल टाकणार आहे. उतारा कसा मोजायचा हे शिकवायला मिलमध्ये काम केलेले विद्यार्थी हवेत. शिकणाऱ्या पोरांचे बाप याच कंपनीचे सभासद. महाविद्यालयाने नाही कसे म्हणायचे? आणि आडत्यांच्या बाजूने पाहिले तर ही कंपनी म्हणजे उद्या त्यांच्या दुकानात न येणारा माल. शेठजी स्पष्टच म्हणाले, “आमच्याकडं शिकायचं अन् आमच्यावरच दुकान टाकायचं?”

अशा वेळी अहमदाबादचे उदाहरण दिले जाते. तिथे गिरणीमालकांनी १९४७ मध्येच वस्त्रोद्योग संशोधनासाठी ‘अटिरा’ उभी केली, आणि १९६१ मध्ये आयआयएम आली ती कस्तुरभाई लालभाईंसारख्या उद्योगपतींच्या पुढाकारासह. उदाहरण खरे आहे, पण लातूरला जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे स्पर्धकांनी आधी एकत्र येऊन, पैसे घालून संशोधन सुरू केले होते. व्यवस्थापनाची शाळा नंतर आली. इथे शाळा आधी आली आहे आणि स्पर्धक अजून एकमेकांपासून चुनीचा आकडाही लपवतात.

मॅडमनी एका पानाचा मसुदा केला. आकडे मिलचे, ते मिलच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाहीत, निबंधातही नाहीत. मोजण्याची रीत महाविद्यालयाची. ती कुणालाही शिकवता येईल, उत्पादक कंपनीलाही. साठा आणि उचल यांबद्दल कुणी प्रश्न विचारणार नाही. काम फक्त सुगीत. कर सल्लागारांनी पाहिल्याशिवाय कायद्याबद्दल काही बोलायचे नाही.

आकडे आणि रीत यांची ही फारकत मला पटते, पण ती वाटते तितकी स्वच्छ नाही. विटांची ओळ मुकादमाने सुचवली, ओलाव्याची मेख त्यालाच ठाऊक होती. अप्पांचा आक्षेप नेमका हाच: रीत माझ्याच आवारात सापडली की. त्यावर मॅडमचे म्हणणे असे की मुकादमाला सत्रासाठी बोलावून मानधन द्यावे, म्हणजे रीत ज्याची त्याला काही पोचेल. अप्पांना हे फारसे रुचले नाही. बाहेर मान मिळालेला मुकादम उद्या मजुरी वाढवून मागेल.

मसुदा अप्पांकडून परत आला तेव्हा त्यावर पेनने दोन बदल होते. ‘कुणालाही’ या शब्दाखाली रेघ, खोडलेला मात्र नाही. आणि खाली एक ओळ वाढवलेली: ज्या विद्यार्थ्याने माझ्या मिलमध्ये सुगी काढली, तो त्याच सुगीत दुसऱ्याच्या मिलमध्ये जाणार नाही. शेठजींनी अजून काही कळवलेले नाही. अध्यक्षांनी विचारले आहे की हे पान कराराच्या फाइलमध्ये लावता येईल का, म्हणजे एक तरी संख्या वाढेल. अप्पा शिक्का मारायला तयार नाहीत.

उत्पादक कंपनीला उत्तर तूर बाजारात यायच्या आत द्यायचे आहे. वर्गाने ते पत्र लिहावे, आणि त्याच बैठकीत शेठजींना काय सांगायचे तेही ठरवावे. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगता येणार नाही, कारण दोन्ही पत्रे दुपारपर्यंत मोबाइलवर सगळ्या बाजारात पोचलेली असतील.